जुन्या झेक काचमण्यांच्या माळा: ओळख, पारख आणि संग्रह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आजीच्या पेटीत, जुन्या बाजारात किंवा परदेशातल्या एखाद्या रविवारच्या बाजारात काचेच्या मण्यांची माळ हाती लागते आणि विकणारा सांगतो, "झेक आहे, खूप जुनी आहे." अशा माळांचे फोटो पाठवून लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधीच सांगते, "ही माळ किती जुनी?" या प्रश्नाचे खरं तर तीन प्रश्न होतात: मणी किती जुने, ओवण किती जुनी आणि फासा, म्हणजे माळेची दोन टोकं अडकवायची कळ, किती जुना. तिन्ही उत्तरं एकच येतील असं नाही, आणि बहुतेक फसगत इथेच होते.

झेक काचमणी म्हणजे नेमके कुठले?

आजच्या चेकियाच्या उत्तरेला इझेरा डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी याब्लोनेत्स नाद निसोउ हे गाव आहे, जर्मन भाषेत त्याचं नाव गाब्लोन्झ. जुनी पुस्तकं आणि जुने व्यापारी हे दुसरं नाव वापरतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा. या डोंगरात भट्टीला लाकूड भरपूर होतं आणि पैलू पाडणारी चाकं फिरवायला ओढ्यांचं पाणी होतं. शेती मात्र जेमतेम. म्हणून घराघरात मण्यांचं काम चालायचं.

या कामाची वाटणी समजली की अर्धी पारख झाली. काचेच्या कांड्या मोठ्या भट्टीवाल्याकडून यायच्या. त्यात रीडेल घराण्याचं नाव सगळ्यात मोठं. एक कुटुंब त्या कांड्या तापवून मणी दाबायचं, दुसरं पैलू पाडायचं, तिसऱ्या घरात ओवण व्हायची. गावातला निर्यातदार सगळा माल गोळा करून जगभर पाठवायचा. एका माळेला असे अनेक हात लागलेले असतात, आणि म्हणूनच बहुतेक माळांवर कारागिराचं नाव सापडत नाही. नाव नाही म्हणून माळ खोटी ठरत नाही.

आसपासच्या गावांची आपापली खासियत होती. झेलेझनी ब्रोद हे दिव्याच्या ज्योतीवर केलेल्या मण्यांसाठी आणि १९२० साली सुरू झालेल्या काचशाळेसाठी ओळखलं जातं. झासादा बारीक पोतीच्या मण्यांसाठी. पोनिक्ला गावात फुंकलेल्या पोकळ मण्यांपासून नाताळच्या झाडाचे दागिने हाताने होतात, आणि त्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. झेक भाषेत मण्याला 'कोराळेक' म्हणतात. तो शब्द पोवळ्यावरून आला आहे, मग मणी कुठल्याही रंगाचा असो.

माळेवरच्या शिक्क्यावरून साल कळतं का?

नेमकं साल नाही, पण काळाच्या सीमा कळतात. १९१८ पूर्वी हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, म्हणून तेव्हाच्या मालावर 'बोहेमिया' किंवा 'ऑस्ट्रिया' असं लिहिलेलं सापडतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. रोमन लिपीतला 'चेकोस्लोव्हाकिया' हा शिक्का त्यापूर्वीचा असूच शकत नाही. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा सीमाभाग नाझी जर्मनीकडे गेला, त्यामुळे संग्राहक असा शिक्का असलेल्या सुबक माळा बहुधा १९१८ ते १९३८ या वीस वर्षांत धरतात. पण देशाचं नाव युद्धानंतरही १९९२ च्या अखेरीपर्यंत होतं. शिक्का दिसला की लगेच "दोन युद्धांमधली" म्हणू नका, बाकीच्या खुणाही बघा.

देशाचं नाव लिहिण्यामागे अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा होता. आयात मालावर मूळ देश लिहिलेला असावा अशी त्याची अट होती. साहजिकच अमेरिकेत गेलेल्या माळांवर शिक्का जास्त दिसतो. पुष्कळदा तो कागदी लेबलावर असायचा आणि लेबल पहिल्याच आठवड्यात पडायचं. बिनशिक्क्याच्या अस्सल माळा म्हणूनच इतक्या आहेत.

शिक्का शोधायचा कुठे? फाशाच्या जिभेवर, गोल कडीच्या चपट्या कडेवर, नाहीतर फाशाजवळ लोंबणाऱ्या तांदळाएवढ्या पत्र्यावर. अक्षरं इतकी बारीक असतात की दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतंच.

मणी कसा घडवला हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे सावकाश वाचा आणि वाचताना एखादा मणी हातात धरा.

दाबलेला मणी. काचेची कांडी मऊ होईपर्यंत तापवायची, चिमट्यासारख्या साच्यात धरून दाबायची आणि त्याच दाबात सुईने भोक पाडायचं. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ राहते. मणी उजेडात तिरका धरून फिरवला की ती दिसते, आणि नख फिरवलं तर कधी कधी लागते. पानं, फुलं, बदाम, शंख असले आकार बहुधा असेच होतात. भोकही बघा. बऱ्याचदा ते एका टोकाला किंचित रुंद असतं.

पैलू पाडलेला मणी. इथे कडा धारदार असतात. अंगठ्याच्या पेरावर मणी घासला तर कडा जाणवते. हाताने पैलू पाडले असतील तर ते मापाने सारखे नसतात, एखादा रुंद, एखादा चिंचोळा, कुठे टोक जुळलेलं नाही. मला हे फार लोभस वाटतं. त्या एका चुकार पैलूत चाकाशी बसलेला माणूस दिसतो.

आगीत चकाकवलेला मणी. पैलू पाडून झाले की मणी पुन्हा भट्टीत जेमतेम वितळण्याइतका तापवायचा. वरचा थर हलकासा वितळतो, चाकाचे ओरखडे मिटतात आणि कडा मऊ होतात. पैलू आहेत पण बोटाला धार लागत नाही, असं असेल तर हा प्रकार. आज बाजारात हा झेक मणी खूप दिसतो.

ज्योतीवर गुंडाळलेला मणी. तारेवर वितळलेली काच गुंडाळून केलेला. भिंगातून पाहिलं तर भोकाभोवती गोल फिरलेल्या रेषा दिसतात, आणि काचेतले बुडबुडेही त्याच दिशेने लांबट झालेले असतात. साच्याची रेघ नसते. वर फुलं, ठिपके, सोनेरी वळसे काढलेले असतील तर ते बोटाला उंचवट्यासारखे लागतात.

फुंकलेला पोकळ मणी. हातात घेतल्याबरोबर कळतो, वजनच नसतं. आतून चांदीसारखा मुलामा दिलेला असतो. ओलावा आत गेला की तो काळवंडतो आणि ते परत नीट होत नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवते. जुने साचे पोलादाचे आहेत, ते झिजून संपलेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या साच्यातून आजही तिथे मणी दाबले जातात. आकार जुना म्हणून मणी जुना ठरत नाही. वय ठरवायला झीज बघावी लागते: भोकाच्या कडेला शेजारच्या मण्याने घासून पडलेला मंदपणा, पैलूंच्या टोकांवरचे सूक्ष्म टवके, आणि गळ्याला टेकणाऱ्या बाजूला उतरलेली चमक.

फासा आणि ओवण यांवरून काय कळतं?

दोन युद्धांमधल्या अनेक माळा दोऱ्यात ओवलेल्या नसतात. प्रत्येक मण्यातून पितळी तार जाते, दोन्ही टोकांना तारेचा फास वळवलेला असतो आणि एक मणी दुसऱ्याला कडीने जोडलेला असतो. माझ्याकडे अशी एक माळ आहे. पिवळट हिरवे पैलूदार मणी, मध्ये लिंबाच्या बीएवढ्या चपट्या चकत्या, आणि प्रत्येक तारेचा फास एकाच दिशेला वळवलेला. कोणीतरी एका बैठकीत, एका लयीत ते काम केलं असणार. पितळ तपकिरी पडलंय, पण एकही कडी उघडलेली नाही. मणी, तार आणि फासा एकमेकांबरोबरच म्हातारे झालेत असं खात्रीने म्हणता येणारी माझ्या संग्रहातली ही एकमेव माळ.

फाशांत गोल स्प्रिंगची कडी, पिंपासारखी फिरकी आणि नक्षीदार पत्र्याची डबी हे जुने प्रकार. पन्नाशीच्या दशकातल्या माळांना बहुधा एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला लांबी कमीजास्त करायची साखळी असते. खेकड्याच्या नांगीसारखा, बोटाने मागे ओढायचा फासा मात्र बराच नंतरचा. तो असेल तर एक तर माळ अलीकडची किंवा फासा बदललेला. नायलॉनचा चकचकीत दोरा दिसला तर ओवण नवी आहे, मग मणी कितीही जुने असोत.

मी सुरुवातीला एक माळ "१९२० ची, जशी मिळाली तशी" म्हणून घेतली होती. मणी जुनेच होते, पण तीन वेगवेगळ्या माळांमधले. घरी आणून भिंगाखाली धरली तेव्हा भोकांचे आकार जुळेनात. पैसे गेल्याचं दुःख कमी, त्या तीन माळा मोडल्याचं जास्त झालं.

इंद्रधनुषी झाक असलेली माळ किती जुनी?

पैलूंवर जांभळी, हिरवी, सोनेरी झाक नाचत असेल तर तो धातूच्या अतिसूक्ष्म थराचा मुलामा आहे. 'ऑरोरा बोरियालिस' नावाने तो १९५६ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्की कंपनीने आणला आणि झेक कारखान्यांनीही उचलला. म्हणजे ऑरोरा बोरियालिसची झाक असलेली माळ "आजीच्या आजीची" असू शकत नाही. डॅनियल स्वारोव्स्की स्वतः याब्लोनेत्सजवळच जन्मले आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वॅटेन्सला गेले. हा धंदा मुळात एकाच डोंगरातून निघालेला आहे.

अंधारात हिरवे चमकणारे मणी म्हणजे काय? ते घालावेत का?

नोटा तपासायची जांभळी टॉर्च अंधारात मण्यांवर धरा. मणी कच्च्या कैरीसारखे हिरवेगार पेटले तर काचेत युरेनियम आहे. हा रंग बोहेमियात १८३० च्या दशकापासून होतो. रीडेल यांच्या भट्टीतल्या पिवळ्या आणि हिरव्या छटांना घरातल्या अ‍ॅना या स्त्रीचं नाव दिलेलं आहे. युरेनियमचं खनिज त्याच देशातल्या याखिमोव्हच्या खाणीतलं. मेरी क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं तेही याच खाणीच्या खनिजातून.

काचेतलं प्रमाण अगदी थोडं असतं आणि ते काचेत बंदिस्त असतं. अशी माळ समारंभाला घालायला हरकत नाही. मात्र मणी कापू, घासू किंवा भोक मोठं करू नका, काचेची पूड श्वासात जायला नको. नारिंगी किंवा पिवळी चमक दिसली तर ती बहुधा कॅडमियमची, आणि अगदी फिकी हिरवी असेल तर मँगनीजची. आणि युरेनियमची काच आजही तिथे बनते, तेव्हा चमकतं म्हणजे जुनं असं समजू नका.

काळ्या मण्यांची लांब माळ 'फ्रेंच जेट' आहे असं सांगितलं. मग ती फ्रान्सची का?

नाव फ्रेंच, माल मात्र मोठ्या प्रमाणात बोहेमियाचा. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेले आणि त्यांची पत्नी राणी व्हिक्टोरिया हिने आयुष्यभर काळा पेहराव धरला, तेव्हा इंग्लंडात दुखवट्याच्या दागिन्यांची चाल पडली. खरा जेट म्हणजे इंग्लंडच्या व्हिटबीला मिळणारा, झाडाचा दगड झालेला पदार्थ. तो हलका असतो आणि हाताला गार लागत नाही. ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी काळी काच होती. ओळख सोपी आहे: मणी गालाला लावा. गार आणि जड लागला तर काच.

झेक आणि इतर मण्यांत गोंधळ कुठे होतो?

सगळ्यात जास्त व्हेनिसशी. मुरानोच्या मण्यात सोन्याचांदीचा वर्ख काचेच्या आत दडलेला असतो, किंवा तांब्याच्या चुऱ्यासारखी चमचम करणारी अ‍ॅव्हेंच्युरिन काच वरून ओढलेली असते. झेक कारागिरांनीही त्याची नक्कल केली, म्हणून फक्त नक्षीवर विसंबू नका.

'वेस्टर्न जर्मनी' शिक्का असलेल्या माळांकडे मात्र जास्त आपुलकीने बघा. १९४५-४६ मध्ये या भागातल्या जर्मन भाषिकांना घरदार सोडायला लावण्यात आलं. त्यातले पुष्कळ कारागीर बव्हेरियातल्या काउफबॉयरेनजवळ वसले आणि नव्या वस्तीला त्यांनी नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ, असं नाव दिलं. शिक्का वेगळा, कसब तेच. त्याआधी ज्यू कारागिरांचा संहार झाला होता. इजिप्शियन धाटणीचे सुंदर दागिने करणारे नायगर बंधू त्यातलेच. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर ती फॅशन आली होती आणि त्यांचे दागिने आज संग्राहक जीव टाकून शोधतात.

आपल्याकडच्या उत्तर प्रदेशातल्या ज्योतीवरच्या मण्यांत भोकाच्या आत पांढरट-राखाडी पूड असते, सळईला लावलेल्या मातीची. काडीला ओला कापूस गुंडाळून फिरवला की ती येते. हेही मणी हातचेच आणि चांगले असतात. फक्त झेक म्हणून झेकच्या भावात घेऊ नका. प्लास्टिक तर लगेच कळतं: दाताला हळूच लावलं की काच टक्क वाजते, प्लास्टिक बसका आवाज करतं.

भारताशी या मण्यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि दोन्ही दिशांनी. याब्लोनेत्समधून काचेच्या बांगड्या मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येत होत्या. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी बांगड्यांवर बहिष्कार पडला तो अशाच मालावर. तळेगाव दाभाडेला १९०८ मध्ये पैसा फंडातून, एकेक पैसा गोळा करून, काच कारखाना उभा राहिला आणि त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. याब्लोनेत्सचा इतिहास वाचताना मला तळेगाव आठवतंच.

दुसरी गोष्ट खंबातची. तिथले अकीक घासणारे कारागीर आफ्रिकेसाठी लाल दगडाची त्रिकोणी लटकनं करायचे. जर्मनीतल्या इदार-ओबरश्टाइनने त्यांची दगडातच नक्कल केली आणि बोहेमियाने काचेत. सहारातल्या तुआरेग लोकांच्या गळ्यात ती आजही दिसतात. आफ्रिकेतून आलेल्या माळेत असं लाल लटकन असेल तर आधी उजेडात धरा. दगडात थर आणि ढग दिसतात, काचेत एकसारखा रंग आणि बुडबुडे.

दोरा कुजलाय. माळ गाठवून घेऊ का?

घालायची असेल तर घ्यावीच लागेल, पण घाई करू नका. आधी माळ सपाट टेबलावर पसरून वरून फोटो काढा, फाशाचा जवळून वेगळा. मग मणी क्रम न बिघडवता एका पन्हळीसारख्या खोबणीत ठेवा. पुठ्ठा दुमडून तयार होणारी खोबण पुरेशी होते. लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जाणाऱ्या माळेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो आणि एकदा क्रम गेला की डोळ्याला तो सापडत नाही. मी एकदा ताटावर कात्री चालवली आणि सत्तर मणी लावायला दोन दिवस गेले. तरी गळ्याच्या डाव्या बाजूला माळ अजून थोडी अडते.

काम पटवेकऱ्याकडेच द्या. मंगळसूत्र आणि मोत्यांचे तन्मणी गाठवणाऱ्या हाताला काचमणी नवे नाहीत. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा: जुना फासा फेकायचा नाही, आणि मण्याचं भोक मोठं करायचं नाही. पितळी तारेची माळ असेल तर ती अजिबात उघडू नका. एखादी कडी सुटली तर तेवढीच जोडून घ्या.

साफ कशी करायची?

दोऱ्यातली माळ पाण्यात बुडवू नका. दोरा ओला राहतो आणि आतून कुजतो. ओलसर मऊ कापडाने एकेक मणी पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. आतून मुलामा दिलेल्या पोकळ मण्यांना, नकली मोत्यांना आणि मागे चांदीचा थर असलेल्या खड्यांना तर पाण्याचा थेंबही नको. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट असले घरगुती उपाय पितळी फाशावर करू नका. त्यावरचा तपकिरी रंग हा वयाचा पुरावा आहे. अत्तर आणि केसांचा स्प्रे माळ घालण्याआधी.

शोधायच्या कुठे आणि किती पैसे द्यायचे?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, गोव्यातल्या जुन्या घरांचं विकलं जाणारं सामान, आणि परदेशी राहणाऱ्यांसाठी तिथले आठवडी बाजार. फोटोवरून घेत असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: फासा, भोकाची कड आणि माळ उजेडासमोर धरलेली. हे देता येत नसेल तर सोडून द्या. किंमत रंगावर, आकाराच्या दुर्मिळपणावर आणि माळ मूळ ओवणीत आहे की नाही यावर ठरते. माझा स्वतःचा क्रम उलटा आहे: आधी ओवण, मग रंग. साध्या मण्यांची पण कोणी न उघडलेली माळ मी पहिल्यांदा उचलते.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर न्यायची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

लहान मुलांच्या हाती द्यावी का?

नाही. जुन्या काचेत आणि मुलाम्यात शिसं, कॅडमियम असू शकतं आणि मुलं मणी तोंडात घालतात. खेळायला नवे लाकडी मणी द्या.

संग्रहाची नोंद कशी ठेवायची?

प्रत्येक माळेला एक जाड कागदाची चिठ्ठी. त्यावर कधी, कुठे, कोणाकडून मिळाली, लांबी किती, मणी किती, शिक्का काय, टॉर्चखाली रंग काय, आणि काय दुरुस्त केलं. घरातल्या बाईची माळ असेल तर तिचं नाव आणि ती कधी घालायची तेही. माळा टांगून ठेवू नका, वजनाने दोरा ताणतो. मलमलच्या तुकड्यात एकेक वेगळी गुंडाळून आडवी ठेवा, काच काचेला लागू देऊ नका. गाठवताना निघालेला जुना दोरा एका लहान पाकिटात त्याच चिठ्ठीला टाचून ठेवा.